सर्वांत स्वस्त लॅपटॉप आणि सहावा मजला

आमच्या इमारतीचा व्यवस्थापक म्हणून माझी एकमताने निवड झाली, याचं कारण त्या सभेला मी गैरहजर होतो. हजर असलेल्या प्रत्येकाने आपल्याला ते काम का जमणार नाही हे सविस्तर सांगितलं. माझ्या वतीने सांगायला कोणी नव्हतं. मी तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवा होतो. अर्धा जबडा बधिर अवस्थेत घरी परतलो, तर जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा तिहोमिर भेटला आणि म्हणाला, "अभिनंदन, प्रोफेसर." मी नकार दिला, पण त्या जबड्यातून तो कोणाला कळला नाही आणि वहीत होकार म्हणून लिहिला गेला.

प्रोफेसर ही पदवी मात्र माझी हक्काची आहे. आमच्या गावात शाळेतल्या मास्तरलाही प्रोफेसर म्हणतात आणि मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आहे. निवृत्तीनंतर माणसाकडे मान तेवढा उरतो, म्हणून मी तो जपत असतो. या गोष्टीत त्याचं काय काय झालं ते पुढे येईलच.

व्यवस्थापकाच्या वाट्याला आलेलं काम एकच होतं, लिफ्ट. ती मागच्या वर्षी मे महिन्यात चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली ती थांबलीच. आम्हा बाकीच्यांचं फार बिघडलं नाही. आम्ही धापा टाकत, लिफ्टच्या नावाने बोटं मोडत वर जायचो. पण सहाव्या मजल्यावर देसांकामावशी राहतात. वय ब्याऐंशी. "सपाटीवर मला मोरावा नदीच्या काठी नेऊन सोडा, एकटी चालत परत येईन," असं त्या म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. पण जिना दिसला की त्यांचे गुडघे संपावर जातात. चौदा महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. आम्ही पाव, औषधं, बटाटे वर पोचवत होतो. त्या प्रत्येकाला बसवून कॉफी पाजायच्या आणि निघताना विचारायच्या, "खाली काय चाललंय?" खाली म्हणजे आमचा रस्ता, समोरची बेकरी आणि दोन बाकं. पण त्या असं विचारायच्या, की जणू आम्ही पॅरिसहून आलोय.

जूनमध्ये नगरपालिकेने जाहीर केलं, की यंदा गावातली एक जुनी लिफ्ट नगरपालिकेच्या खर्चाने नवी करण्यात येईल. एक. बंद लिफ्ट गावात तीसेक असतील. अर्ज फक्त ऑनलाइन.

आमच्या घरी संगणक नव्हता. मी दुकानात गेलो. तिथे चौदा लॅपटॉप ओळीने मांडले होते आणि त्यातला सर्वांत स्वस्त खांबाच्या आड, नापास मुलासारखा ठेवला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवल्यावर दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कशासाठी हवाय?"

"सरकारी कामासाठी," मी शक्य तेवढ्या भारदस्तपणे म्हणालो.

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तिकडे कोणालाच घाई नसते."

लॅपटॉप घरी आल्याची बातमी तासाभरात सहाव्या मजल्यापर्यंत पोचली. आमच्याकडे नवी वस्तू आली की शेजारी बघायला येतात, आलेल्याला कॉफी द्यावी लागते आणि कॉफी प्यायलेल्याला मत देण्याचा हक्क मिळतो. पहिला आला तिहोमिर. तो रेल्वेच्या कारखान्यातला निवृत्त फोरमन. त्याच्याकडे मुलाने जर्मनीहून पाठवलेला लॅपटॉप आहे. तो उचलायला दोन हात लागतात आणि सुरू झाला की स्वयंपाकघरातलं संभाषण बंद करावं लागतं. त्याने माझा लॅपटॉप दोन बोटांत धरून उचलला, उलटा केला आणि म्हणाला, "प्रोफेसर, यात आतलं सामान घालायला विसरले वाटतं."

"हलका आहे," मी म्हणालो.

"आवाजही येत नाही."

"त्यात पंखाच नाही. शांत आहे."

"शांत तर माझी सासूपण आहे," तिहोमिर म्हणाला. "आठ वर्षं झाली जाऊन."

मग चौथ्या मजल्यावरची झागोरका आली. ती चाळीस वर्षं नर्स होती, त्यामुळे कोणत्याही वस्तूकडे ती प्रकृतीच्या दृष्टीने बघते. तिचं निदान असं, की पडदा फिकट आहे, बिजागरी सैल आहे आणि हा हिवाळा काढणार नाही. माझी बायको रुझित्सा हिने मात्र त्याला लगेच कुटुंबात घेतलं. म्हणजे त्याच्याखाली एक क्रोशाचा रुमाल अंथरला, वर दुसरा घातला आणि त्यावर चिनीमातीची हरिणी ठेवली. आमच्या घरात टीव्ही, रेडिओ आणि वीज मोजायचा मीटर यांनाही हाच मान मिळालेला आहे.

आता न्यायाने सांगायचं तर त्याच्यात दोष होते. सुरू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात कॉफी उकळून, गाळ खाली बसून, पहिला घोट घेऊन व्हायचा. पडद्यासमोर अगदी नाकाच्या रेषेत बसलं तरच काही दिसायचं. जरा बाजूला सरकलं की सगळं काळं. दुसऱ्याच दिवशी त्याने जाहीर केलं, की स्वतःला अद्ययावत करायला त्याच्याकडे जागा नाही. नवा कोरा, पोटात काही नाही आणि जागा नाही. मी रुझित्साच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात घातले होते, ते काढावे लागले. "स्वतःच्या बहिणीचे का नाही काढलेस?" एवढंच ती म्हणाली, पण आठवडाभर म्हणत राहिली.

अर्जाला लिफ्टचे आठ फोटो जोडायचे होते. तिहोमिरने ते आपल्या भारी फोनवर काढून दिले. त्यात गंजाचा कण न् कण मोजता येत होता. मी ते पाठवायला बसलो. नगरपालिकेचं संकेतस्थळ माणसाला पंधरा मिनिटं देतं, नंतर "आपली वेळ संपली" असं सांगून पहिल्या पानावर आणून सोडतं. माझा लॅपटॉप चौदाव्या मिनिटाला तिसऱ्या फोटोपर्यंत पोचायचा. दोन दिवसांत माझी वेळ अकरा वेळा संपली. शेवटी वैतागून मी लॅपटॉप उचलला, जिन्यात गेलो आणि त्याच्याच कॅमेऱ्याने लिफ्टचे आठ फोटो काढले. ते इतके धूसर आले, की लिफ्टच्या जागी अस्वल उभं केलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांना वजनच नव्हतं. आठही फोटो सहा मिनिटांत गेले. मी उठून उभा राहिलो. घरात कोणी नसल्यामुळे मी हरिणीकडे बघून मान झुकवली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेतून फोन आला, की ऑनलाइन अर्ज मिळाला, आता तो छापून तीन प्रतींत घेऊन या. खिडकीतल्या बाईंनी तिन्ही प्रती चाळल्या.

"इमारतीचा शिक्का?"

"शिक्क्याची सक्ती कायद्याने कधीच उठली," मी म्हणालो.

"उठली ना. शिक्का लागत नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "पण असला तर बरं असतं."

आमचा शिक्का आधीच्या व्यवस्थापकाकडे होता आणि तो तीन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला स्लोव्हेनियाला गेला होता, शिक्क्यासकट. मी हताश होऊन घरी आलो. रुझित्साने तिन्ही प्रती घेतल्या, शाळेच्या भूगोल मंडळाचा माझा जुना गोल शिक्का कपाटातून काढला आणि ठपाठप मारला. त्यावर पृथ्वीचा गोल आणि "निसर्ग आपला गुरू" अशी अक्षरं आहेत. बाईंनी तो बघून समाधानाने मान हलवली आणि फाइल बंद केली. त्यांना गोल शिक्का हवा होता, गोल मिळाला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. तीन इमारती निवडल्या होत्या, त्यात आमची होती. प्रत्येकीने समितीपुढे व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं आपली बाजू मांडायची. किमान पाच रहिवासी समोर हवेत आणि लिफ्टचं यंत्र चालू कॉलमध्ये दाखवायला हवं. कॉल मध्येच तुटल्यास पुढच्या इमारतीचा नंबर लागेल, पुन्हा संधी नाही.

मी पत्र घेऊन देसांकामावशींकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि हाताने सपाट केलं. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "तुमचं ते यंत्र वीस मिनिटं चालतं ना, प्रोफेसर?"

"अलबत," मी म्हणालो.

चालत नव्हतं. त्या दिवशी बाहेर अडतीस अंश होतं आणि रंगीत तालमीत लॅपटॉप बरोबर बाराव्या मिनिटाला गपकन बंद पडला. थंड झाल्यावर सुरू केला, पुन्हा बाराव्या मिनिटाला. हात लावून बघितला तर त्यावर अंडं तळून निघालं असतं. मी रुमाल काढले, हरिणी उतरवली, तरी तेरावं मिनिट काही उजाडेना. तिहोमिर म्हणाला, खाली गोठवलेले वाटाणे ठेवा. ठेवले. पाणी सुटलं आणि लॅपटॉप दिवसभर उन्हात वाळवावा लागला. झागोरका म्हणाली, व्हिनेगरच्या पट्ट्या. शेवटी मी दुकानात गेलो.

"पंखा नाही ना त्यात," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "हवा खेळती ठेवा. एक खिडकी इकडची उघडा, एक तिकडची. पठ्ठ्या दिवसभर चालेल."

मी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना. बाई तरुण होत्या, आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं नसावं. आमच्या खोऱ्यातून आजवर बरीच सैन्यं येऊन गेली, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडून बसणारा माणूस इथे कोणी पाहिलेला नाही. त्या आरपार वाऱ्याला प्रोमाया म्हणतात आणि तो शब्द आम्ही मुलांसमोरही जपून उच्चारतो. प्रोमायाने मान अडकते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात. झागोरकाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ शनिवारी एका लग्नात दोन दारांच्या मध्ये अकॉर्डियन ऐकत उभा राहिला आणि मंगळवारी त्याला पुरलं. मी एकतीस वर्षं मुलांना वारे शिकवले; कुठून येतात, कुठे जातात, सगळं. पण घरात शिरलेल्या वाऱ्याशी कसं वागायचं हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. मी घरी येऊन बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. झागोरकाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"प्रोफेसर," ती म्हणाली, "लिफ्ट हवी आहे मान्य. पण त्यात बसायला माणसं शिल्लक राहायला हवीत."

यंत्राची खोली देसांकामावशींच्या दाराबाहेरच्या लोखंडी शिडीवर आहे, म्हणून कॉल त्यांच्याच घरून करायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला आम्ही पाच जण जमलो: मी, रुझित्सा, तिहोमिर, झागोरका आणि मावशी. मावशींनी निळा ठेवणीतला ड्रेस घातला होता, केस सेट केले होते आणि सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या. खोलीला ओव्हनची कळा आली होती. तिहोमिरने मदतीसाठी म्हणून आपला जर्मन लॅपटॉप सहा मजले चढवून आणला होता आणि तो स्वतः भिंतीला टेकून बसला होता.

"तुमचा बसला की माझा उठेल," तो म्हणाला.

ठरलं असं, की तिहोमिरच्याच लॅपटॉपवरून सुरुवात करायची. मला ते झोंबलं, पण बारा मिनिटांचा हिशोब मला माहीत होता. अकरा वाजता समिती पडद्यावर आली: टाय बांधलेले अध्यक्ष, एक बाई आणि एक कागद चाळणारे गृहस्थ. तिहोमिरच्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला आणि अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्याकडे ड्रिलिंग चाललंय का? काही ऐकू येत नाहीये." तिहोमिर काय म्हणाला तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते खाणाखुणा करून म्हणाले, आधी यंत्रच दाखवा. तिहोमिर लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून दारापर्यंत गेला आणि तिथे त्याची वायर संपली. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली होती. ही गोष्ट त्याने शेजाऱ्यांपासून दोन वर्षं लपवून ठेवली होती.

"प्रोफेसर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचा सुरू करा."

या तीन शब्दांसाठी मी पुन्हा सहा मजले चढून आलो असतो. मी माझा लॅपटॉप त्याच कॉलला जोडला, अध्यक्षांनी वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली आणि मी तो वर्तमानपत्रासारखा काखेत मारला. दुसऱ्या हाताने शिडी धरून वर गेलो. तिथे मी त्यांना मोटर दाखवली, गंजलेलं चक्र दाखवलं, उंदरांनी खाल्लेल्या तारा दाखवल्या. त्याची बॅटरी दिवसभर टिकते आणि तो एवढा निःशब्द चालतो, की मावशींचा खालून आलेला आवाज अध्यक्षांना स्पष्ट ऐकू गेला: "सांभाळून, प्रोफेसर, मागच्या मेकॅनिकला तिथेच शॉक बसला होता." अध्यक्षांनी ते लिहून घेतलं.

खाली येऊन आम्ही पाच जण एकामागे एक असे, सहलीच्या बसमधल्यासारखे बसलो, कारण बाजूला बसलेल्याला पडदा काळा दिसायचा. मी भाषण सुरू केलं. दहाव्या मिनिटाला माझं चित्र अडकायला लागलं. अकराव्या मिनिटाला कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली, की उपकरण फार तापलं आहे. माझी पाचावर धारण बसली. अजून नऊ मिनिटं होती. काय करायला हवं ते मला माहीत होतं, रुझित्साला माहीत होतं, तिहोमिरला माहीत होतं. कोणी हललं नाही. सगळे खिडकीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"प्रोफेसर," मावशी मागून म्हणाल्या, "याला वारा लागतो, असं तुम्ही सांगत होतात ना?"

"लागतो, मावशी. पण..."

"कसा?"

"आरपार," मी म्हणालो.

मावशी उठल्या. त्यांनी आधी बाल्कनीच्या दाराला हात घातला.

"देसांका, शुद्धीवर ये," झागोरका पुटपुटली. "या वयात?"

"चौदा महिने मी या खोलीत सुरक्षित बसलेय," मावशी म्हणाल्या. "अजून किती सुरक्षित राहू?"

त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं. मग खोली ओलांडून घराचं दार उघडलं, बाहेर जाऊन जिन्यातली खिडकी उघडली आणि परत येऊन आपल्या जागी बसल्या. वारा आत आला. बाल्कनीचा पडदा छतापर्यंत उडाला, टेबलावरचं पत्र खाली पडलं. झागोरकाचं नर्सपण जागं झालं. तिने मावशींचं कपाट उघडून दहा सेकंदांत प्रत्येकाच्या मानेभोवती लोकरीचं काहीतरी गुंडाळलं. माझ्या डोक्यावर मावशींच्या दिवंगत नवऱ्याची मेंढीच्या कातड्याची टोपी आली. अशा थाटात, जुलै महिन्यात, मी भाषण पुढे चालू ठेवलं. लाल अक्षरं गेली. माझं चित्र हलायला लागलं आणि इतक्या दिवसांत प्रथमच तेरावं मिनिट उजाडलं.

अध्यक्ष पुढे झुकले. "तुमच्या मागे पडदा हलतोय," ते म्हणाले. "पंखा लावलाय का?"

"नाही. खिडकी उघडी आहे."

"एकच ना?"

"खिडकी, दार आणि बाल्कनी," मी म्हणालो. "समोरासमोर."

समितीतल्या बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. कागदवाल्या गृहस्थांनी कागद चाळायचं थांबवलं.

"आजी," अध्यक्ष जपून म्हणाले, "तुम्हाला असं बसायला कोणी भाग पाडलंय का?"

"मीच उघडलं," मावशी म्हणाल्या. त्यांचे सेट केलेले केस चारी दिशांना उडत होते. "मला खाली जायचंय, बाळा. दुसरं काही नाही."

अध्यक्षांनी नकळत आपल्या कोटाची कॉलर वर केली. "आम्हाला कळलं," ते म्हणाले. "सगळं कळलं. आमचे प्रश्न संपले. कृपा करून दार लावून घ्या."

"अजून सहा मिनिटं शिल्लक आहेत," मी म्हणालो आणि ती सहाही मिनिटं बोललो. ज्या लॅपटॉपला सगळ्या इमारतीने नाकं मुरडली, तो विसाव्या मिनिटाला ताजातवाना होता आणि तो बंद करायला मला बोट लावावं लागलं.

त्या वाऱ्याने आजारी पडला फक्त तिहोमिर. त्याची मान आठवडाभर अडकली. माझ्या मते ती जर्मन लॅपटॉप उचलल्यामुळे. झागोरकाचं मत वेगळं आहे आणि ते ती जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

बारा दिवसांनी निकाल लागला. पहिलं नाव आमचं होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं, "रहिवाशांनी असाधारण निकड दाखवली." मी त्या कागदाच्या तीन प्रती काढल्या आणि त्यातली एक तिहोमिरच्या दारावर चिकटवली.

नवी लिफ्ट ऑक्टोबरमध्ये, एका शुक्रवारी सुरू झाली. तळमजल्यावर आम्ही सगळे प्लमची दारू, म्हणजे राकिया, आणि छोटे ग्लास घेऊन उभे होतो. वर बटण दाबल्याचा दिवा लागला. लिफ्ट निघाली आणि पाचव्या मजल्यावर थांबली. तिहोमिर धावत वर गेला आणि पाच मिनिटांनी परत आला.

"लिफ्ट ठीक आहे," तो म्हणाला. "मावशी पाचव्यावर उतरल्यात. कॉफी पिताहेत."

आमच्याकडे भेटीची परतफेड करावी लागते. चौदा महिने आणि वर तीन महिने सगळी इमारत मावशींकडे येऊन गेली होती आणि त्यांना एकाकडेही जाता आलं नव्हतं. आता त्यांनी पिशवीत कॉफीची पाकिटं आणि वेफर बिस्किटं भरून घेतली होती. पाचव्या मजल्यावर त्या चार घरांत गेल्या. संध्याकाळी लिफ्टने वर जाऊन झोपल्या. शनिवारी चौथा आणि तिसरा. रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर आमची बेल वाजली. दारात मावशी उभ्या होत्या, निळ्या ड्रेसमध्ये, हातात कॉफी आणि बिस्किटं.

"आले, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. मी नुसता बाजूला झालो. मला बोलता येईना आणि या वेळी जबडा बधिर नव्हता.

पहिला मजला उरकून दुपारी त्या तळमजल्यावर पोचल्या. सहा मजले उतरायला त्यांना तीन दिवस लागले. मी त्यांच्यासोबत रस्त्यापर्यंत गेलो. बाहेर ऊन होतं, बेकरीपुढे दोन-चार माणसं होती. मावशी फुटपाथवर थांबल्या आणि त्यांनी पायाखालची फरशी चपलेच्या टोकाने दाबून बघितली. मी रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या इमारतीने खिडकीतून पाहिलंच आहे.

"कुठे जायचं, मावशी?" मी विचारलं.

"कुठेही," त्या म्हणाल्या आणि मी हात द्यायच्या आत चालायला लागल्या.